गोल्फ: ड्रायव्हरचा बॉल उजवीकडे जातोय, आधी काय तपासू? (खारघरला खेळणाऱ्यांनी जरूर लिहा)

घोडबंदरकर
नमस्कार मंडळी. राइट हँडेड आहे, खारघर व्हॅलीला गोल्फ खेळतो. आयर्न बऱ्यापैकी सरळ जातात, सात नंबर तर हवा तिथे पडतो, पण ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब) हातात घेतला की बॉल उजवीकडे. थोडाथोडका नाही, पार बाजूच्या झुडपांत. पावसाळ्यात गवत एवढं वाढतं की बॉल दोन पावलांवर असला तरी दिसत नाही आणि नियमाने शोधायला मिळतात फक्त ३ मिनिटं. मग एक स्ट्रोक पेनल्टी घेऊन परत टीवर, म्हणजे होल सुरू होतो तिथे जा, नाहीतर आधीच सांगून प्रोव्हिजनल (राखीव दुसरा बॉल) मारून ठेवा, आणि तोही त्याच दिशेला जातो.

सल्ले भरपूर मिळालेत. डोकं खाली ठेव, हळू मार, डावीकडे एम कर, ग्रिप स्ट्राँग कर, नवीन ड्रायव्हर घे. यातले काही एकमेकांच्या विरुद्ध आहेत. मला आधी समजून घ्यायचंय की बॉल उजवीकडे नेमका का जातो, म्हणजे यातला कोणता सल्ला माझ्यासाठी आहे ते कळेल. घोडबंदरहून खारघर म्हणजे ट्रॅफिक लागलं तर अर्धी सकाळ जाते, त्यामुळे रेंजवरचा, म्हणजे सरावाचा, वेळ योग्य गोष्टीवर लागावा अशी फार इच्छा आहे. कुणी नीट सांगेल का?

कोपरी_काका
एक प्रश्न विचारतो आणि त्याचं उत्तर मिळेपर्यंत कुणाचाही सल्ला घेऊ नका, माझासुद्धा. बॉल निघतानाच उजवीकडे निघतो, की सरळ किंवा डावीकडे निघून नंतर हवेत उजवीकडे वळतो?

उजवीकडे निघाला आणि तसाच सरळ रेषेत गेला तर तो पुश. डावीकडे निघून वळला तर तो स्लाइस, रविवारी कुठल्याही टीवर उभं राहा, हाच सगळ्यात जास्त दिसतो. आणि उजवीकडे निघून आणखी उजवीकडे वळला तर पुश-स्लाइस, त्यात बॉल शेजारच्या होलवर जातो आणि आपल्याला फोर (सांभाळा!) म्हणून ओरडावं लागतं. बॉल पडतो तिन्ही वेळा उजवीकडेच, म्हणून लोक सगळ्यांना स्लाइसच म्हणतात आणि सगळ्यांना एकच उपाय सांगतात. पुशवाल्याने स्लाइसचा उपाय केला की त्याचा पुश वाढतो. हे मी इतक्या जणांच्या बाबतीत पाहिलंय की आता कुणी नुसतं उजवीकडे जातो म्हणालं की मी आधी बॉल निघताना बघतो. जुने कॅडीसुद्धा तेच करतात, बॉल पडला कुठे ते नंतर, आधी निघाला कुठे.

बघायचं कसं ते सांगतो. रेंजवर लांबचा एखादा खांब किंवा झाड टार्गेट धरा, मित्राला तुमच्या बरोबर मागे, सुरक्षित अंतरावर, बॉल आणि टार्गेटच्या रेषेत उभं करा आणि त्याला फक्त एवढंच सांगायला लावा की पहिल्या वीस-तीस यार्डांत बॉल रेषेच्या कुठल्या बाजूला होता. तुम्ही स्वतः बघू नका, मारणाऱ्याला शेवटच कळतो, सुरुवात कळत नाही.

सीवूड्सची
काकांच्या प्रश्नामागचं कारण लिहिते, कारण घोडबंदरकरांनी कारणच विचारलंय.

दोन गोष्टी असतात. एक म्हणजे बॉलला लागताना क्लबचा फेस, म्हणजे बॉलला लागणारी सपाट बाजू, कुठे बघतोय, आणि दुसरी म्हणजे क्लबहेड कुठल्या दिशेने चाललंय, म्हणजे पाथ. जुन्या काळी शिकवायचे की बॉल पाथच्या दिशेने निघतो आणि फेसच्या दिशेने वळतो. ट्रॅकमॅनसारखे क्लब आणि बॉल मोजणारे रडार आल्यावर ते मागे पडलं. बॉल निघतो मुख्यतः फेस बघतोय तिकडे, ड्रायव्हरला तर सुरुवातीच्या दिशेत फेसचा वाटा साधारण ८५ टक्के धरतात. आणि वळतो तो फेस आणि पाथ यांच्यातल्या फरकामुळे. फेस पाथच्या उजवीकडे बघत असेल तर बॉल उजवीकडे वळणार, मग तो निघाला कुठूनही असो.

उदाहरण घ्या. पाथ टार्गेटच्या ६ अंश डावीकडे, फेस २ अंश डावीकडे. फेस डावीकडे आहे म्हणून बॉल थोडा डावीकडे निघेल, पण पाथच्या मानाने फेस ४ अंश उघडा, म्हणजे उजवीकडे, आहे म्हणून नंतर उजवीकडे वळत जाईल. हा नेहमीचा स्लाइस. आता दुसरं, पाथ ३ अंश उजवीकडे आणि फेसही ३ अंश उजवीकडे. फरक शून्य, वळण नाही, बॉल सरळ उजवीकडे, २०० यार्डांवर साधारण १० यार्ड बाहेर. हा पुश. पहिल्याला पाथ उजवीकडे न्यायचाय, दुसऱ्याला डावीकडे आणायचाय. म्हणून एकाचा उपाय दुसऱ्याला चालत नाही.

आणि सात नंबर सरळ जातो पण ड्रायव्हर नाही, यात नवल काही नाही. सात नंबरचा लॉफ्ट, म्हणजे फेस वरच्या बाजूला किती कललाय तो कोन, ३० अंशांच्या आसपास, ड्रायव्हरचा १० च्या आसपास. लॉफ्ट जास्त असला की बॅकस्पिन भरपूर मिळतो आणि फेस-पाथचा तेवढाच फरक असूनही बॉल कमी वळतो. ड्रायव्हरला बॅकस्पिन कमी, त्यामुळे तेवढ्याच चुकीने स्पिनचा अक्ष जास्त कलतो. म्हणजे घोडबंदरकर, जे काही होतंय ते तुमच्या सात नंबरमध्येही असणार, फक्त तिथे दिसत नाहीये.

टर्फवाला_ऐरोली
मी थोडं क्रिकेटच्या बाजूने लिहितो कारण आपल्याकडचे बहुतेक गोल्फर आधी टेनिस बॉल क्रिकेट खेळलेले असतात आणि हात तीच सवय घेऊन येतात. माझ्या ओळखीच्या लोकांत दोन प्रकार स्पष्ट दिसतात. जे टर्फवर मिडविकेटला उचलून मारायचे त्यांचा उजवा खांदा आणि उजवा हात आधी धावतो, क्लब बाहेरून आत येतो, पाथ डावीकडे, फेस बंद झाला तर पुल (गोल्फमधला, बॉल सरळ डावीकडे) आणि उघडा राहिला तर स्लाइस. आणि जे लेदर बॉलवर कोचकडे शिकलेत, पुढचा पाय काढून कव्हर ड्राइव्ह, बॅटचा फेस दाखवत खेळणारे, त्यांचं शरीर बॉलच्या पुढे सरकतं, हात मागे राहतात आणि पुश होतो. क्रिकेटमध्ये दोन्ही गोष्टींना टाळ्या मिळतात आणि त्या जायला वेळ लागतो.

घोडबंदरकर, तुम्ही कुठल्या प्रकारचे बॅट्समन होतात ते लिहा बरं, माझा अंदाज आहे की त्यावरून अर्धं उत्तर मिळेल.

पाचपाखाडी
ड्रायव्हर कुठला आहे? हल्ली ड्रॉ बायस, म्हणजे बॉल डावीकडे वळवायला मदत करणारे, मिळतात, वजन हीलकडे (दांड्याच्या बाजूला) असतं, फेस लवकर बंद होतो. ॲडजस्टेबल असेल तर लॉफ्ट वाढवून बघा, बहुतेक ड्रायव्हरमध्ये लॉफ्ट वाढवला की फेस थोडा बंद होतो आणि कमी केला की उघडतो. बरेच लोक जास्त लांब जावा म्हणून लॉफ्ट ९ वर आणून ठेवतात आणि मग स्लाइस वाढतो. हे आधी बघा, फुकट आहे.

कोपरी_काका
पाचपाखाडी, लॉफ्टचं अगदी बरोबर. नवीन ड्रायव्हरबद्दल मात्र एवढंच म्हणेन की वजन हीलकडे नेऊन थोडेफार यार्ड मिळतात, झुडपातला बॉल फेअरवेवर (मधल्या कापलेल्या गवतावर) येत नाही. पैसे घालवायचेच असतील तर आधी दांड्यावरचे रबरी ग्रिप बदलून घ्या. आपल्याकडची हवा दमट, घाम प्रचंड, रबर गुळगुळीत होतं आणि निसटेल या भीतीने माणूस आवळून धरतो. हात आवळले की मनगटं फिरत नाहीत आणि फेस उघडाच राहतो. ग्रिप नवीन घ्यायचे नसतील तर कोमट पाणी आणि साबण लावून ब्रशने घासून सावलीत वाळवा, बराच फरक पडतो. पावसाळ्यात बॅगेत दोन ग्लोव्ह ठेवा आणि एक वाळत घाला.

आणि जुना ग्लोव्ह फेकण्याआधी बघा कुठे फाटलाय. तळहाताच्या खालच्या उशीपाशी भोक पडलं असेल तर क्लब तळव्यात धरला जातोय, बोटांत नाही. तळव्यात धरलेला क्लब फेस बंद होऊ देत नाही.

घोडबंदरकर
खूप आभार सगळ्यांचे, एवढं सविस्तर कुणी सांगितलं नव्हतं. रेंजवर जाऊन आलो, मित्राला मागे उभं केलं. तो म्हणाला बहुतेक बॉल थोडे डावीकडे निघतात, मग वर जाऊन उजवीकडे वळतात. काही थेट उजवीकडे निघाले पण ते कमी. म्हणजे काकांच्या भाषेत स्लाइस. टर्फवाला भाऊ, तुमचा अंदाज बरोबर, मी मिडविकेटवालाच. आणि ग्लोव्ह तळव्याच्या उशीपाशीच फाटलाय.

एक विचारायचंय. बॉल उजवीकडे जातो म्हणून मी डावीकडे तोंड करून उभा राहतो, म्हणजे वळून मध्ये येईल. ते ठीक आहे का?

सीवूड्सची
हे सगळ्यात आधी थांबवा. डावीकडे उभं राहिलं की खांदे उघडतात, खांदे उघडले की क्लब बाहेरून आत येतो, पाथ आणखी डावीकडे जातो, मेंदूला कळतं की आता बॉल डावीकडे जाईल म्हणून हात फेस उघडा धरतात, फरक वाढतो, वळण वाढतं, मग पुढच्या वेळी आणखी डावीकडे उभं राहायचं. हा चक्रव्यूह आहे आणि स्लाइसवाल्यांचे महिने यात जातात.

टी बॉक्सही फसवतो. टीच्या दोन बाजूंचे खुणेचे मार्कर कधी कधी फेअरवेच्या मध्याकडे नाही, भलत्याच दिशेला लावलेले असतात आणि आपण नकळत त्यांच्या रेषेत उभे राहतो. बॉलच्या मागे जाऊन टार्गेट बघा, बॉलच्या एक-दोन फूट पुढे त्या रेषेत एखादं पान किंवा जुन्या डिव्हॉटची (क्लबने उखडलेल्या गवताची) खूण निवडा, आधी फेस त्या खुणेला लावा, मग पाय, आणि खांदे शेवटी तपासा. बहुतेक जण पाय बघतात आणि खांदे विसरतात. ड्रायव्हरला बॉल डाव्या टाचेच्या आतल्या रेषेत असतो, त्याहून पुढे गेला की त्याच्यापर्यंत पोचायला उजवा खांदा पुढे येतो आणि खांदे आपोआप उघडतात.

कोपरी_काका
आता उपाय. क्रम मोडू नका, कारण पाथ आधी सुधारला आणि फेस उघडाच राहिला तर बॉल थेट उजवीकडे निघून आणखी उजवीकडे जाईल आणि तुम्ही म्हणाल काका चुकीचं सांगतात. आधी फेस.

डावा हात बोटांच्या मुळांशी धरा आणि थोडा उजवीकडे फिरवा, वरून बघताना बोटांच्या दोन ते तीन गाठी दिसल्या पाहिजेत, हाच स्ट्राँग ग्रिप. दोन्ही हातांच्या अंगठा-तर्जनीतला कोन उजव्या खांद्याकडे बघायला हवा. सुरुवातीला हे विचित्र वाटतं, आणि बॉल डावीकडे जाईल अशी भीती वाटते. गेला तर जाऊ द्या, फेस बंद होऊ शकतो हे कळणं हाच मोठा पल्ला आहे. टीव्हीवर कुणाचा वीक ग्रिप बघून तो उचलू नका. जुन्या काळचा नामवंत गोल्फर बेन होगन, त्याचं सगळे सांगतात, पण त्याला त्रास हुकचा (बॉल डावीकडे वळण्याचा) होता, म्हणून त्याने डावा हात डावीकडे फिरवला. ज्याचा बॉल आधीच उजवीकडे जातो त्याने तो ग्रिप घेतला तर काय होणार.

मग घरी, बॉलशिवाय, हळू. क्लब अर्ध्यात मागे न्या, शाफ्ट (दांडा) जमिनीला समांतर आला की थांबा. फेसची खालची कड तुमच्या पाठीच्या कलाएवढी कललेली हवी. फेस आकाशाकडे बघत असेल तर इथेच उघडलाय. हॉलमध्ये करत असाल तर पंख्याचा आणि मुलांचा अंदाज घेऊन करा. पूर्ण वर गेल्यावर डाव्या मनगटाची मागची बाजू सपाट हवी. मागे मुडपली, तर फेसचं टोक खाली लोंबतं आणि फेस उघडतो.

हे सगळं मारताना करता येत नाही. क्लब आणि बॉल एकमेकांना लागतात तो वेळ साधारण अर्धा मिलिसेकंद असतो. तेव्हा कुणी फेस फिरवू शकत नाही, जे व्हायचं ते आधीच झालेलं असतं.

टर्फवाला_ऐरोली
फेस झाला की पाथ. मला सगळ्यात उपयोगी पडलं ते हेडकव्हर, क्लबच्या डोक्यावरचं मऊ कव्हर. बॉलच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे क्लबच्या टोकापासून चार बोटं पलीकडे आणि जरासं मागे, हेडकव्हर ठेवा. बाहेरून आत आलात की ते उडतं. लाकडी वस्तू किंवा दुसरा क्लब ठेवू नका, मनगटाला लागतं. आधी अर्ध्या स्विंगने, आयर्नने, मग तीन वुडने, मग ड्रायव्हरने. पहिल्याच दिवशी ड्रायव्हरने पूर्ण जोरात करू नका, जोर आला की जुनी सवय परत येते.

दुसरं, उजवा पाय जरा मागे घ्या, पाठ टार्गेटकडे जास्त वेळ राहू दे, आणि खाली येताना आधी डाव्या पायावर वजन जाऊ दे मग हात. मिडविकेटवाल्यांचं सगळं वरून सुरू होतं, म्हणून खालून सुरू करायची सवय लावावी लागते. वर थांबून, हात कंबरेपर्यंत खाली आणून, परत वर नेऊन, असं दोनदा करून तिसऱ्यांदा मारायचं, त्यात हात आतून येतात हे अंगात उतरतं.

वाशी_फिजिओ
माझा मुद्दा शरीराचा. घोडबंदरवरून गाडी चालवत येऊन थेट ड्रायव्हर काढणं हे स्लाइसला आमंत्रण आहे. तासभर बसल्यावर मांड्यांचे सांधे आणि पाठीचा मधला भाग आखडतो. मागे वळताना छाती फिरत नाही म्हणून हात उचलले जातात, आणि खाली येताना कंबर फिरत नाही म्हणून खांदा पुढे फेकला जातो. बाहेरून आत येणं बऱ्याचदा इथून सुरू होतं. म्हणजे सांगितलेलं समजतं पण शरीर करू देत नाही.

आल्यावर गाडीतून उतरून आधी चाला. मग खुर्चीवर किंवा बाकावर बसून गुडघे पुढे ठेवून, क्लब खांद्यांवर आडवा धरून छाती दोन्ही बाजूंना हळू फिरवा. उभं राहून एका पायावर तोल सांभाळत दुसरी मांडी आत-बाहेर फिरवा. मग वेज, मग आयर्न, ड्रायव्हर शेवटी. बसून फिरताना एका बाजूला स्पष्टपणे कमी फिरत असेल किंवा दुखत असेल तर आधी ते दाखवून घ्या, स्विंग नंतर. आणि कंबर दुखत असताना ग्रिप-पाथ काहीही बदलू नका, दुखणं टाळण्यासाठी शरीर वेगळीच सवय लावून घेतं.

सीवूड्सची
अजून एक तपासणी राहिलीय. बॉल फेसच्या कुठल्या भागावर लागतोय. ड्रायव्हरच्या हीलकडे लागला तर हेड वळतं आणि बॉलला उजवीकडे वळवणारा स्पिन मिळतो, टोकाकडे लागला तर उलट. म्हणजे फेस आणि पाथ ठीक असूनही नुसत्या हीलच्या फटक्याने स्लाइस येऊ शकतो, आणि मग माणूस ठीक असलेलं स्विंग बदलत बसतो. ऑफिसचा व्हाइटबोर्ड मार्कर घ्या, बॉलच्या मागच्या बाजूला मोठा ठिपका काढा, तो ठिपका फेसवर उमटतो. एक फटका बघून काही ठरवू नका, बरेच बघा आणि ठिपके कुठे गोळा होतात ते बघा. रेंजवर मॅटची रबरी टी (बॉल ठेवायची खुंटी) फार बुटकी असेल तर आधी ती बदलून घ्या, ड्रायव्हर जमिनीवर ठेवल्यावर अर्धा बॉल त्याच्या वर दिसायला हवा.

व्हिडिओ काढत असाल तर फोन मागे, हातांच्या उंचीवर आणि हातांच्याच रेषेत ठेवा, स्लो मोशनवर. फोन थोडा आत किंवा बाहेर सरकला तरी पाथ खोटा दिसतो आणि त्यावरून घेतलेले निर्णय चुकतात. शक्यतो सकाळी काढा. दुपारनंतर आपल्याकडे पश्चिमेचा वारा सुटतो, त्यात साधा फेडही (उजवीकडचं हलकं वळण) स्लाइस दिसतो आणि समोरून वारा असेल तर वळण आणखी मोठं दिसतं.

लेफ्टी_नेरुळ
वाचणाऱ्या डावखुऱ्यांसाठी लिहितो कारण अशा चर्चा वाचून आमची फार गडबड होते. तुम्ही डावखुरे असाल आणि बॉल उजवीकडे वळत असेल तर तुमचा स्लाइस नाही, हुक आहे. वर सांगितलेला स्ट्राँग ग्रिप घेतलात तर आणखी उजवीकडे जाईल. आमचा स्लाइस डावीकडे जातो. वरचं सगळं वाचताना डावं-उजवं उलटं करून वाचा, आणि उलटं केल्यावरही तुमची तक्रार उजवीकडचीच असेल तर ग्रिप थोडा वीक बाजूला फिरवा आणि बॉल टी करताना फार मागे जात नाहीये ना ते बघा.

पाचपाखाडी
पुशवाल्यांसाठीही कुणीतरी लिहा ना, धागा शोधून येणाऱ्यांत तेही असतील. माझा एक मित्र नेमका तोच आहे, बॉल अजिबात वळत नाही, सरळ उजवीकडे.

कोपरी_काका
लिहितो. पुशवाल्याने आधी तो उभा कुठे आहे ते बघावं. उजव्या हाताने खेळणारा माणूस बॉलच्या बाजूला उभा असल्यामुळे नकळत उजवीकडे तोंड करून उभा राहतो, आणि मग बॉल तो बघतोय तिकडेच जातोय, स्विंगचा काही दोष नाही. दोन स्टिक जमिनीवर समांतर टाका, एक बॉलच्या पलीकडे टार्गेटकडे, एक पायांपाशी. ते ठीक असेल तर बॉल मागे आहे का बघा, फार मागे असला की क्लब आतून बाहेर जात असतानाच लागतो. तेही ठीक असेल तर मग शरीर पुढे सरकतंय, टर्फवाल्यांनी सांगितलेला कव्हर ड्राइव्ह. त्याने डाव्या मांडीच्या बाहेर स्टिक उभी रोवावी आणि सरकून तिला न धडकता फिरायला शिकावं. छाती बॉल गेल्यानंतरही फिरत राहिली पाहिजे. उजवा पाय मागे घेणं, पाठ टार्गेटकडे ठेवणं, ग्रिप स्ट्राँग करणं, यातलं काहीही त्याने करू नये. ते स्लाइसवाल्यांचं.

घोडबंदरकर
सगळं प्रिंट काढून बॅगेत ठेवलंय. मार्करचे ठिपके मध्यापासून जरा हीलकडे आलेत, पण फार नाही. ग्रिप बदलल्यावर सात नंबर डावीकडे वळायला लागलाय, ते काकांनी सांगितलं होतं म्हणून घाबरलो नाही. हेडकव्हर अर्ध्या स्विंगला उडत नाही, पूर्ण ड्रायव्हरला अजून उडतं. बॉल आता मध्यातून निघतो आणि उजवीकडे वळतो पण कमी, झुडपांच्या आत नाही, कडेला.

महिन्याच्या शेवटी ग्रुपचा स्टेबलफर्ड (प्रत्येक होलला पॉइंट मिळतात ती स्पर्धा) आहे. तोवर हे पक्कं होणार नाही असं वाटतंय. तेव्हा काय करू, ड्रायव्हर वापरू की नको?

सीवूड्सची
वळण कमी झालंय म्हणजे फेस-पाथचा फरक कमी झालाय, हे खरंच चांगलं आहे. ठिपके हीलकडे आहेत तर बॉलपासून अर्धा इंच लांब उभं राहून बघा.

स्टेबलफर्डला तीन वुड वापरा. लॉफ्ट जास्त, शाफ्ट आखूड, तेवढ्याच चुकीने बॉल कमी वळतो. ड्रायव्हर घ्यायचाच असेल तर एखाद्या रुंद होलवर घ्या, एक इंच खाली धरून. लांबीचं फार मनावर घेऊ नका, अदिती अशोक २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकला चौथी आली तेव्हा तिच्याहून लांब मारणाऱ्या कितीतरी जणी मैदानात होत्या. आणि स्पर्धेच्या दिवशी टीवर एकच विचार ठेवा, ग्रिप नाहीतर खांदे. हेडकव्हर, मनगट, पाठ हे सगळं रेंजवरच राहू दे. आयोजकांना आधी विचारून ठेवा की बॉल हरवला किंवा ओबी (हद्दीबाहेर) गेला तर दोन पेनल्टी स्ट्रोक घेऊन फेअरवेजवळ ड्रॉप करायचा लोकल रूल लावलाय का. २०१९ पासून तशी मुभा आहे, पण कमिटीने लावला असेल तरच. लावला नसेल तर प्रोव्हिजनल मारायच्या आधी तसं मोठ्याने सांगा, नाहीतर दुसरा बॉलच खेळात येतो.

कोपरी_काका
ताईंनी सांगितलंय तसंच करा. आणि स्पर्धेआधीच्या रविवारी सकाळी मी रेंजवर आहे. या, मी मागे उभा राहतो. ड्रायव्हर, जुना ग्लोव्ह, मार्कर आणि दोन स्टिक घेऊन या. पूर्ण स्विंगला हेडकव्हर का उडतं ते समोर बघूनच सांगता येईल, माझा संशय आहे की जोर लावताना उजवा खांदा आधी निघतोय.